कुंकवाचं पातं

नांदेडहून लातूरला जाणारी बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली की मी शेजारच्या बसकडे बघत बसते. ती इतकी जवळ लागलेली असते की तिच्या खिडकीतल्या माणसाच्या हातातली भेळ ओली आहे की सुकी, ते कळतं. मग ती बस हळूच मागे सरकायला लागते आणि माझं पोट म्हणतं, आपण निघालो.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मांडीवरची पिशवी आवळून धरली आणि म्हणाल्या, "निघाली बाई एकदाची."

आमचा ड्रायव्हर तेव्हा खाली उभा राहून बशीतून चहा पीत होता. मला तो दुसऱ्या खिडकीतून स्वच्छ दिसत होता. तरी पोट ऐकायला तयार नव्हतं. अनोळखी माणसांशी मी बोलत नाही आणि ओळखीच्यांशीही बेतानंच. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरातली, तीही जेवणापुरती. त्यामुळे मराठीत काही बोलायचं झालं की मी वाक्य आधी मनात एकदा तपासून घेते, आणि तोवर विषय बदललेला असतो.

बाईंना ड्रायव्हर दिसला तेव्हा त्यांनी पिशवी सैल सोडली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला म्हाईत होतं ना गं? मग सांगावं का न्हाई?"

मी हसले. माझी बरीचशी उत्तरं अशीच असतात.

गंमत म्हणजे, माझी नोकरीच माणसांना असं फसवण्याची आहे. नांदेडला एका औषधांच्या दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही कारखान्यांसाठी कॉम्प्युटरचे पडदे तयार करतो. कोणती मोटर चालू आहे, कोणती बंद, टाकी किती भरली, हे ऑपरेटरला खुर्चीत बसून दिसावं म्हणून. आमच्या सरांचे पडदे सगळीकडे सारखेच असायचे. मशीनचं नाव, आणि नावापुढे एक दिवा. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. सर म्हणायचे, यापेक्षा जास्त कळण्याची कोणाला गरज नसते.

मला गरज वाटायची. मी घरी बाबांना बघितलं होतं. फोनवर गॅसचा नंबर लावताना मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं की बाबा शांत बसायचे. "थांब, चाललंय काम," म्हणायचे. चक्र नसलं की बोटानं फोन टोचत राहायचे. चक्र फिरण्याचा आणि गॅस मिळण्याचा काही संबंध नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. फिरतंय म्हणजे कोणीतरी लक्ष देतंय."

म्हणून मी लातूरच्या एका डाळमिलसाठी पडदा काढला तो फिरणारा. एलिव्हेटरच्या बादल्या वर चढताना दिसतील, तुरीचे दाणे पाइपातून घरंगळताना दिसतील, उजव्या बाजूला पंखा फिरेल, आणि तळाला सरांचे दिवे, बारीक. सरांनी तो माझ्या लॅपटॉपवर दोनदा बघितला. मग ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला.

"यात आपला नेहमीचा पडदा आहे. दिव्यांचा. शेठना तुझी चित्रं पसंत पडली तर राहू दे. नाही पडली तर हा टाकून ये. आणि मग पुढच्या हदगावच्या कापसाच्या जिनिंगला चित्रं नकोत. चालेल?"

मी मान हलवली. पेन ड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला, आणि अहमदपूरपासून लातूरपर्यंत तो तिथेच आहे ना, हे उगाच चाचपत राहिले. तो हरवला तर बरं, असंही मध्येच वाटून गेलं.

मिल लातूरच्या औद्योगिक वसाहतीत, रस्त्याच्या शेवटाला. आमच्या ऑफिसची माणसं आदल्या दिवशी नवीन पॅनल बसवून, सगळ्या मोटरींच्या वायरी त्याला जोडून परत गेली होती. आता फक्त पडदा सुरू करायचा होता. तो माझा. एकटीचा.

मिलचे मालक शेठ. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन. पण मिल चालते ती त्यांच्या मोठ्या बहिणीच्या हिशोबानं. त्यांना सगळे आक्का म्हणतात. मिलमध्ये त्यांची अर्धी भागीदारी आहे आणि जिथं तयार डाळ बाहेर पडते तिथं त्यांची खुर्ची. येता-जाता डाळीत हात घालायचा, मूठभर वर काढायची आणि खाली सोडायची, एवढंच त्या करतात. डाळ पडताना त्यांच्या कपाळावर आठी आली की मिल थांबते. तिसरे ऑपरेटर मामा. कोणाचे मामा ते कोणालाच माहीत नाही. वयानं मोठे शेठसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. खिशाला कायम एक स्क्रू ड्रायव्हर, पेन लावावा तसा. माझ्या पडद्यासमोर रोज बसणार होते ते मामा.

मिलचं काम सोपं आहे. तूर बादल्यांतून वर चढते, वरून रोलरमध्ये पडते, तिथं तिचं साल निघतं. मग पंखा हलकं साल ओढून बाहेरच्या खोलीत फेकतो आणि जड डाळ चाळण्यांवर जाते. पंखा नीट ओढत नसला तर साल डाळीतच राहतं.

मी पोचले तेव्हा पूजेची तयारी झाली होती. सगळ्या मशीनना नवा हिरवा ऑइलपेंट दिला होता, अजून वास येत होता. आक्कांनी ओल्या कुंकवाची वाटी घेतली आणि पॅनलला, रोलरला, एलिव्हेटरला बोट लावत गेल्या. पंख्याच्या मोठ्या चाकाला एक ठसठशीत ठिपका दिला. शेवटी केबिनमध्ये येऊन मॉनिटरच्या डोक्यावर एक बोट, आणि वर झेंडूचा हार. हार अर्ध्या पडद्यावर आला. मी तो दोन बोटांनी हळूच मागे सारला.

"असू द्या की मॅडम, देवाला दिसतंय," मामा म्हणाले.

"तुम्हाला दिसायला पाहिजे ना," मी म्हणाले. पण ते इतकं हळू, की बहुतेक हारानंच ऐकलं असावं.

नारळ फुटला. शेठनी बटण दाबलं. मिल गरगरायला लागली आणि पडद्यावर माझी मिलही. बादल्या चढल्या, दाणे घरंगळले, पंखा फिरला. माझ्या लॅपटॉपवर तो लोण्यासारखा फिरायचा, इथं जरा धक्के खात होता. मिलचा कॉम्प्युटर शेठच्या ऑफिसातला जुना होता, दमलेला. पण फिरत तर होता. मी श्वास सोडला.

आक्का माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"पंखा उलटा फिरायलाय की."

शेठ वाकले. "हाव. उलटाच हाय."

"मला तर सुलटा दिसायलाय," मामा म्हणाले.

"मामा, तुम्हाला चष्मा लागलाय. घालत न्हाईत तुम्ही," शेठ म्हणाले.

"चष्म्यानं बारीक-मोठं दिसतंय मालक. दिशा बदलत न्हाई."

"मामा, आम्ही दोघं सांगून राहिलो तर उलटाच असंल."

यात एक खरी भीती होती. मोठ्या मोटरींना तीन वायरी असतात. जोडताना त्यातल्या दोनांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. असं होतं, नेहमी होतं, आणि कालच सगळ्या वायरी नव्यानं जोडल्या होत्या. पंख्याच्या अंगावर कोणत्या बाजूनं फिरायचं ते दाखवणारा बाण असतो, पण तो नव्या हिरव्या रंगाखाली गेला होता.

फक्त एकच गोष्ट होती. माझ्या पडद्याला मोटरीची दिशा कळतच नव्हती. मोटर चालू आहे एवढं त्याला कळायचं, आणि तेवढ्यावर तो चित्रातला पंखा फिरवायचा. खरा पंखा उलटा फिरला काय आणि सुलटा फिरला काय, चित्र तेच राहणार. हे मी सांगितलं. नक्की सांगितलं. पण रोलरच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही, आणि मी वाक्य पुन्हा मनात तपासून मोठ्यानं म्हणेपर्यंत मामांनी मिल बंद करून पॅनलचं दार उघडलं होतं.

"मालक म्हणले उलटा, तर उलटा," ते स्वतःशीच म्हणाले आणि दोन वायरी बदलल्या.

मिल पुन्हा सुरू झाली. आक्का आपल्या खुर्चीशी गेल्या, डाळीत हात घातला, मूठ वर काढली. खाली सोडायच्या आधीच त्यांनी ती शेठच्या नाकासमोर धरली.

"ही डाळ हाय का भुसकट?"

डाळीत साल मिसळलेलं होतं. पंखा आता खरोखरच उलटा फिरत होता आणि त्याचा जोर गेला होता. मिल पुन्हा थांबली, पण त्याआधी आक्का केबिनमध्ये डोकावून गेल्या.

"आणि इथं अजून उलटाच फिरायलाय."

"मला मघाशी सुलटा दिसत होता," मामा म्हणाले. "आता उलटा दिसून राहिला."

शेठ माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, हा सिनेमा काढा. सरांचे दिवे हायत ना, ते लावा. दिव्याला डावं-उजवं नसतंय."

यात चूक काहीच नव्हती. दिव्याला खरंच डावं-उजवं नसतं. माझा हात पर्सकडे गेला, आतल्या कप्प्यात पेन ड्राइव्ह बोटाला लागला. मला वाटलं, देऊन टाकावा, बस पकडावी, हदगावच्या जिनिंगला दिवे लावावेत. कोणी काही विचारणार नाही. मला नाही तरी कोणी काही विचारलेलं आवडत नाही.

"शेठ," मी म्हणाले, "चहा होईपर्यंत थांबता का?"

मिल बंद होती, त्यामुळे या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

शेठ चहा सांगायला गेले. मी खुर्ची पुढे ओढली, चित्र चाचणीवर टाकलं म्हणजे मिल बंद असली तरी ते फिरेल, आणि पंख्याकडे बघत बसले. चार पाती. चारही राखाडी, चारही एकसारखी. मला पंखा सुलटा दिसत होता. मी डोळे मिटले, उघडले. उलटा. मनात म्हटलं, सुलटा. तो सुलटा झाला. मनात म्हटलं, उलटा. बिचारा उलटा झाला. इतकं ऐकणारं मला आयुष्यात दुसरं कोणी भेटलेलं नाही.

मग मी तो थांबवून एकेक चित्र बघितलं, आणि सगळं उघडं पडलं. पडद्यावर फिरत काहीच नसतं. एकापुढे एक स्थिर चित्रं येतात, आणि मधला प्रवास आपला डोळा स्वतःच भरून काढतो. माझ्या लॅपटॉपवर चित्रं भराभर येत होती, प्रत्येकात पातं जरासंच सरकलेलं. डोळ्याला संशयच नव्हता. इथला दमलेला कॉम्प्युटर मधली चित्रं गाळत होता. एका चित्रात पाती अधिकच्या चिन्हासारखी, पुढच्यात गुणाकाराच्या चिन्हासारखी. अधिक, गुणिले, अधिक, गुणिले. आता हे पातं डावीकडून आलं की उजवीकडून? दोन्हीकडून सारखंच अंतर. चारही पाती एकसारखी, त्यामुळे ओळखही पटत नाही. मग डोळा कोणाचं तरी ऐकतो. मनाचं, किंवा मागे उभ्या असलेल्या आक्कांचं.

पण हे फक्त माझ्याच डोळ्यांचं होतं का? विचारायला पाहिजे होतं. विचारायचं म्हणजे बोलायचं.

"मामा," मी हाक मारली, "पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतोय का?"

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "ते तर दिवाळीपासून बंद हाय मॅडम."

"मग बोटानं दाखवा."

ते माझ्यासमोर उभे राहून हवेत बोट फिरवायला लागले. मीही माझं बोट फिरवलं, त्यांच्या उलट. मग लक्षात आलं की ते माझ्याकडे तोंड करून उभे आहेत, म्हणजे त्यांचं सुलटं ते माझं उलटं. मी बोट बदललं. त्यांना वाटलं त्यांचंच चुकलं, म्हणून त्यांनीही बदललं. असं आम्ही थोडा वेळ दोन भोवऱ्यांसारखे समोरासमोर करत राहिलो.

आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय चाललंय माय तुमचं? आरती ओवाळतो तसं दाखवा की. आरती कोणी उलटी ओवाळत न्हाई. आणि तोंड देवाकडं करा दोघंबी."

हे मला सुचायला पाहिजे होतं. आम्ही तिघं मॉनिटरकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून उभे राहिलो आणि पंखा दिसेल तसं बोट फिरवायला लागलो. मामांचं बोट आरतीसारखं. आक्कांचं त्याच्या उलट. माझं कधी इकडून, कधी तिकडून. वर झेंडूचा हार होताच.

"आक्का," मामा थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्या बोटाकडं बघितलं की माझा पंखाबी तुमच्यासारखा फिरायलाय."

"माझा धाकच हाय तसा."

शेठ चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि दारातच थांबले. "कॉम्प्युटरची आरती चालू केलाव व्हय?"

"तू बी ये," आक्का म्हणाल्या. "तुझा कोणत्या अंगानं फिरतोय, बघू दे."

शेठनी ट्रे टेबलावर ठेवला, बाहेर कोणी बघत नाही ना याची खात्री केली आणि बोट वर केलं. त्यांचं उलटं फिरत होतं, आक्कांसारखं. मग मध्येच थांबलं. मग दुसरीकडून फिरायला लागलं. शेठनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"मघाशी तर..." ते म्हणाले.

"म्हणेल तसा फिरतोय," मी म्हणाले. "चारही पाती सारखी आहेत ना, त्यामुळे डोळ्याला ठरवता येत नाही. कोणाचंच चुकलेलं नाही."

"घरात तर कोणी ऐकत न्हाई," मामा म्हणाले, "हा एक तरी ऐकायलाय."

आक्का हसल्या. शेठ हसले नाहीत. त्यांनी चहाचा एक घोट घेतला, आणि व्यापारी माणसाचं बोलणं किती सरळ असतं ते मला कळलं.

"मग तर काढाच मॅडम. जे बघणाऱ्याच्या मनाप्रमाणं फिरतंय, त्याचा मला काय उपयोग? मामानं उद्या त्याच्याकडं बघून पुन्हा वायरी बदलायच्या का?"

माझ्या मनात अर्धं उत्तर होतं, पण तपासून झालं नव्हतं.

आक्का दाराकडे वळल्या. "ते पडद्याचं नंतर. आधी खरा पंखा सरळ करा. डाळ अडकून पडलीय."

मामांनी वायरी पूर्वीसारख्या केल्या आणि मिल सुरू केली. आक्कांनी मूठ भरली, सोडली. आठी नाही. डाळ स्वच्छ. मी हे सगळं केबिनच्या काचेतून बघत होते. पंख्याचं मोठं चाक काचेच्या अगदी समोर येतं, जाळीआड. ते इतक्या जोरात फिरत होतं की त्यावर फिरणं दिसतच नव्हतं. नुसतं एक हिरवं ताट उभं. आणि त्या ताटात एक लाल कडं.

ते आक्कांच्या कुंकवाचं होतं. ताज्या रंगाला ओलं कुंकू घट्ट बसलं होतं.

पडद्याचं ठरेपर्यंत मामांनी मिल थांबवली. चाक हळूहळू मंदावलं, लाल कडं तुटलं, आणि त्याचा पुन्हा ठिपका झाला. ठिपका खाली गेला, वर आला, खाली गेला. त्याच्याकडे बघून कोणालाच वाद घालता आला नसता. बाकीचं चाक कुठूनही सारखंच होतं. ठिपका मात्र एकच होता, त्यामुळे तो कुठून कुठे गेला हे कळत होतं.

मी खुर्चीत बसले आणि चारपैकी एका पात्याला लाल रंग दिला.

पंखा फिरवला. तेच जुनं दमलेलं अधिक, गुणिले, अधिक, गुणिले. पण आता लाल पातं वर, मग वर-उजवीकडे, मग उजवीकडे, मग खाली-उजवीकडे, मग खाली. मी मनात जोरात म्हटलं, उलटा. तो उलटला नाही. सुलटाच राहिला. पहिल्यांदाच त्यानं माझं ऐकलं नाही आणि मला फार बरं वाटलं.

मी सगळ्यांना बोलावलं. मोठ्यानं. तिन्ही बोटं वर झाली आणि तिन्ही एकाच बाजूनं फिरली, आरतीसारखी.

"आता कसं," मामा म्हणाले.

पण आक्का काचेतून बाहेर बघत होत्या. "थांबा. खऱ्या चाकाचा ठिपका तर या बाजूनं उलटा फिरत होता. मी बघितलं की."

मीही बघितलं होतं. मामा जाळीला वळसा घालून चाकाच्या पलीकडे गेले आणि मोटरीला चालू-बंद असा एक झटका दिला. "आक्का, इकडून या. इकडून आरतीसारखाच हाय."

आक्का तिकडे गेल्या. मग इकडे आल्या. मग पुन्हा तिकडे. एकाच चाकाची ही दोन रूपं त्यांना आवडली नसावीत. मी ज्या कागदावरून चित्र काढलं होतं, त्यात पंखा पलीकडच्या बाजूनं दाखवला होता. केबिनमधून दिसायची ती त्याची पाठ.

"मामा इथून बघणार," मी म्हणाले. "काचेतून जसा दिसतो तसाच पडद्यावर पाहिजे. म्हणजे... आरतीच्या उलट."

पूजेच्या दिवशी, हार घातलेल्या पडद्यावर, उलटा फिरणारा पंखा मागत होते मी. आक्का हनुवटीवर बोट ठेवून विचार करत होत्या.

"देवाच्या मागं उभं राहून आरती बघितली," त्या शेवटी म्हणाल्या, "तर उलटीच दिसंल की. म्हणजे ही केबिन देवाच्या मागं हाय. बस्स."

"आणि त्यात मामा बसणार," शेठ म्हणाले.

"मग माझा निवद कुठाय?" मामांनी विचारलं. शेठनी गार झालेला चहा त्यांच्यापुढे सरकवला.

मी पंखा पलटवला. आता काचेबाहेरचा ठिपका आणि पडद्यावरचं पातं एकाच बाजूनं जात होतं. शेठ एकदा काचेकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिले. पण आक्कांचं समाधान झालं नव्हतं. त्यांना रंग पटला नव्हता.

"हा रक्तासारखा झाला." मी बदलला. "हा टोमॅटोचा." पुन्हा बदलला. "हा त्या थंड्याच्या बाटलीचा." शेवटी त्यांनी कपाळावरचं कुंकू दाखवलं आणि मी त्यांच्या कपाळाकडे बघत रंग जुळवला. इतक्या जवळून मी कोणाच्या कपाळाकडे कधी बघितलं नव्हतं. त्या हलल्या नाहीत, फोटोला बसल्यासारख्या बसून राहिल्या.

मी फोनवर पडद्याचा व्हिडिओ काढून सरांना पाठवला. लगेच फोन आला.

"पंख्याचं पातं लाल का आहे? लाल म्हणजे बंद. आपल्या सगळ्या पडद्यांवर लाल म्हणजे बंद. ऑपरेटर गोंधळेल."

केबिनमध्ये तिघंही माझ्याकडे बघत होते. नेहमी मी अशा वेळी 'हो सर' म्हणते. ते वाक्य तपासावं लागत नाही.

"सर, तो लाल नाही," मी म्हणाले. "कुंकू आहे."

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. चार सारखी पाती, दमलेला कॉम्प्युटर, दोन्हीकडून सारखं अंतर, आक्कांचा ठिपका, देवाच्या मागची केबिन. एकही वाक्य आधी तपासलं नाही. मध्ये मामांनी "बरोबर हाय" म्हणून दोनदा दुजोरा दिला. सर ऐकत होते की फोन कट झाला होता, हे मला कळत नव्हतं, कारण सर ऐकताना आवाज करत नाहीत.

"शेठना द्या," ते म्हणाले.

शेठनी फोन घेतला. "हां सर. न्हाई, न्हाई. तुमचे दिवे हायत की खाली, बारीक. मॅडमनी ठेवलेत. पण पंखा राहू द्या. आमच्या तिघांचं एका गोष्टीवर एकमत व्हायला लई वर्षं लागली, आता ते मोडू नका." त्यांनी फोन मला परत दिला आणि आक्कांना म्हणाले, "दाणेबी असेच करायला लावू का? त्यात एक मोठा दाणा?"

"ते मी करतेच," मी म्हणाले.

निघताना आक्कांनी मला तुरडाळीची एक पिशवी दिली. वर फोडलेल्या नारळाची एक कवड. मामा गेटपर्यंत आले आणि त्यांनी निरोप म्हणून हवेत बोट फिरवलं. मीही फिरवलं. आम्ही एकमेकांकडे तोंड करून होतो, त्यामुळे ते कोणत्या बाजूनं होतं हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

परतीच्या बसमध्ये सरांचा मेसेज आला. 'हदगावच्या जिनिंगचे पंखे तूच काढ. कुंकू जपून.' मी तो पुन्हा वाचला. पेन ड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यातच होता, डाळीच्या पिशवीखाली. तो बाहेर काढायची वेळ आली नव्हती.

अहमदपूरला बस थांबली. शेजारी दुसरी बस लागलेली होती. माझ्या बाजूला एक काका होते, टोपी गुडघ्यावर ठेवून पेंगत होते. शेजारची बस हळूच मागे सरकायला लागली. काका दचकून जागे झाले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला, निघाली."

"न्हाई काका," मी म्हणाले, "बाजूची निघाली. आपली उभीच हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कसं कळलं?"

मी खिडकीतून खाली बोट दाखवलं. फलाटाच्या कडेला कोणाची तरी चहाची बशी ठेवलेली होती, आमच्या चाकाशेजारी, जागच्या जागी. काकांनी वाकून बशी बघितली. मग मान वर करून पुन्हा त्या सरकणाऱ्या खिडक्यांकडे बघितलं.

"तरी निघाल्यासारखं वाटायलंय बघ," ते म्हणाले.

"मला पण," मी म्हणाले.